जोखमीचं शिकलेली भाची

मामा,

तुम्ही गेल्याचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, सांगलीचा फोन हाय." फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून मी गेले. पलीकडून तुमचा रमेश, माझा रमेशदादा, बोलत होता. "नंदे, नाना गेले. दुपारी जेवून झोपले, ते उठलेच न्हाईत." मी 'निघते' म्हणाले, फोन ठेवला, आणि खरं सांगते मामा, मला आधी हायसं वाटलं. रडू आलं ते नंतर, सांगलीच्या एसटीत बसल्यावर. शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.

हायसं वाटलं हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. आलेली माणसं म्हणत होती, "सुटले बिचारे," आणि लगेच डोळ्यांना पदर लावत होती. म्हणजे ते तुमच्या सुटकेबद्दल होतं. मी सुटले असं मी कसं म्हणणार? म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्याशी बोलताना मला कधी शब्द तोलावे लागले नाहीत. तुम्ही स्वतः कधी तोलले नाहीत, हेही त्याचं कारण असेल.

चार महिन्यांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात 'ऑपरेशन नको' असं मी म्हणाले होते. सगळ्यांनी ते ऐकलं आणि तुम्हाला घरी आणलं. तेव्हापासून रोज मला वाटायचं, हो म्हणाले असते तर मामा वाचले असते का? तुम्ही झोपेत, आपल्या घरात, मामीच्या हातचं जेवून गेलात, हे कळलं तेव्हा छातीवरचा दगड निम्मा उतरला. उरलेला निम्मा परवा उतरला. कसा उतरला ते सांगते, पण आधी बाकीचं बोलू द्या. तुम्ही असताना मला वाक्य पुरं करू द्यायचा नाहीत, आज ती संधी आहे.

बी.कॉम. झाल्यावर मला पुढे शिकायचं होतं आणि आमच्या मेढ्यात त्या इच्छेला काही अर्थ नव्हता. सांगलीत नवा अभ्यासक्रम निघाला होता, वित्त आणि जोखीम व्यवस्थापन, पदव्युत्तर, दोन वर्षांचा. अण्णांनी जाहिरात दोनदा वाचली आणि घडी करून उशाखाली ठेवली. त्यांचा नकार असाच असायचा. कसा कुणास ठाऊक, पण तुम्हाला वास लागला आणि पुढच्या रविवारी तुम्ही मेढ्याला हजर झालात. चहा घ्यायच्या आधीच म्हणालात, "दाजी, पोरीला नांदायला धाडताना तुमी एवढी चौकशी करत न्हाई. शिकायला धाडताना बरी सुचतीया." अण्णा शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना असं कुणी बोलत नसे. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. "माझ्या घरात राहील, मामीच्या हाताखाली," तुम्ही म्हणालात, आणि अण्णांनी उशाखालची घडी काढून माझ्या हातात दिली.

मामीच्या हाताखाली मी काय राहिले ते तुम्हाला ठाऊक आहे. मामींनी मला एकदा चपात्या लाटायला बसवलं, दोन चपात्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "जा, तू तुजं पुस्तक वाच." त्यानंतर दोन वर्षं मी माजघरातल्या खिडकीशी बसून वाचलं.

तुम्ही हळदीचे अडते. शेतकऱ्याची हळद तुमच्या दुकानासमोर पडायची आणि व्यापाऱ्यांशी तुम्ही भाव ठरवायचात. थोडा माल स्वतःचाही गोडाऊनात भरून ठेवायचात. मी काय शिकते हे तुम्हाला समजून घ्यायचं होतं आणि विचारायला लाज वाटत होती. म्हणून तुम्ही भांडण काढायचात. "जोखीम मोजता येती म्हणं," जेवताना तुम्ही मामीला सांगायचात, माझ्याकडे न बघता. "आमी इतकी वरसं उगंच भीत हुतो." मी सरासरी समजावून सांगितली, तिच्यापासून आकडे किती लांब पसरतात ते सांगितलं. तुम्ही भाताचा घास हातात धरून ऐकलंत आणि म्हणालात, "सरासरी पावसानं कुणाची हळद भिजती गं?" मी म्हणाले, "म्हणून तर पसारा मोजायचा मामा, नुसती सरासरी नाही." तुम्ही घास तोंडात घातलात. त्या दिवशी मी जिंकले होते असं माझं अजूनही मत आहे.

प्रकल्पासाठी मी हळदीच्या वायदेबाजाराचा विषय घेतला, तेव्हा मला मार्केट यार्डातला सौदा बघायचा होता. तिथला भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटांनी भाव विचारतात आणि बोटांनी उत्तर देतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा दाबला की पाच. शेकडा की हजार हे ज्याचं त्याने ओळखायचं. जमलं तर पंजा घट्ट दाबायचा, मान्य नसेल तर रुमालाखालून हात काढून घ्यायचा. तुम्ही म्हणालात, "तितं बाप्यांच्या गर्दीत तू नगं. हितंच शिकवतो." मग संध्याकाळी ओसरीवर आपल्या दोघांच्या हातांवर पंचा टाकून तुम्ही मला भाव करायला शिकवलंत. मी नेहमी फसायचे. मामी तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. "भाचीला लुटतासा व्हय," एवढंच म्हणायच्या.

ती सवय मला इतकी लागली की परीक्षेत नडली. पहिल्या वर्षाच्या पेपरात माझा कॅल्क्युलेटर बंद पडला. मी पेन खाली ठेवलं, दोन्ही हात ओढणीखाली मांडीवर घेतले आणि हातचे आकडे एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरून मोजायला लागले. उघड्यावर मला ते जमेचना. पर्यवेक्षक बाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्या येऊन उभ्या राहिल्या. "ओढणीखाली काय आहे?" मी म्हणाले, "हात आहेत." त्यांनी मला उभं केलं, ओढणी झटकायला लावली, बाक तपासला. काही निघेना तसा त्यांचा संशय वाढत गेला. शेवटी पाण्याचा जग घेऊन उभा असलेला म्हातारा शिपाई म्हणाला, "बाई, आवं ती सौदा करतीया."

"कुणाशी?"

"सोताशीच," तो म्हणाला.

बाईंना काही उमगलं नाही, पण सगळा वर्ग हसला आणि त्यांनी मला बसू दिलं. घरी येऊन मी रडत सांगितलं. तुम्ही इतके हसलात की मामींनी पाठ चोळली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मार्केट यार्डात ती गोष्ट झाली. पुढे कितीतरी दिवस मी रस्त्याने चालले की कुणीतरी व्यापारी विचारायचा, "काय, जमला का सौदा?" तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. आज वर्गात शिकवताना मीच ती गोष्ट दरवर्षी सांगते, आणि मुलं हसली की मला तुमचा आवाज ऐकू येतो.

गोडाऊनच्या विम्याचं भांडण मात्र तसंच राहिलं. मी अभ्यासात आगीच्या जोखमीचं प्रकरण वाचलं आणि तुमच्या मागे लागले. हळदीचं गोडाऊन, वर जुनी वायरिंग, शेजारी बारदानाचे ढीग. तुम्ही महिनाभर टाळलंत आणि शेवटी माझं तोंड बंद करायला विमा उतरवलात. वर्ष संपलं. गोडाऊनला काही झालं नाही. हप्ता भरायला जाताना तुम्ही म्हणालात, "यंदाबी जळलं न्हाई. तुजा इमा वाया गेला बघ." मी म्हणाले, मामा, जळलं नाही हेच तर पाहिजे ना? "मग इमा कशाला?" पुढे दर वर्षी हेच. कॉलेजात नोकरी लागून मी मलकापूरला राहायला गेल्यावरही हप्त्याच्या दिवशी तुमचा फोन यायचा, कशी आहेस वगैरे काही नाही, थेट "यंदाबी न्हाई जळलं." पण मामा, तुम्ही एकदाही हप्ता चुकवला नाहीत. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तुम्ही मुद्दाम चुकवला असता.

आणि वायद्याचं. तुम्ही म्हणत होतात हळद चढणार, मी म्हणत होते निम्मा माल तरी आजच्या भावाने वायद्यात बांधून टाका, म्हणजे पडली तरी मार बसणार नाही. तुम्ही मला शहाणी, दीडशहाणी, सगळं म्हणालात. भाव पडला. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, मी बरोबर निघाले याचाच राग आलाय. तिसऱ्या दिवशी भडंगाची पुडी माझ्या पुस्तकावर टाकलीत आणि चपला घालता घालता म्हणालात, "निम्मा बांधला हुता. कुणाला सांगू नगं." मी मामींनाही सांगितलं नाही. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र अण्णांनी फ्रेम करून लावलंय, पण मी पास झाले ती त्या दिवशी.

मेढ्याला येऊन तुम्ही अण्णांशी जे बोललात त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिलेच. तुम्ही मानू दिले नसते, हे खरं. पण मी एकदा प्रयत्न तरी करायला हवा होता.

मग तुमची वाचा गेली. आधी एखादा शब्द सापडायचा नाही, तुम्ही मीठ मागायच्या ऐवजी माठ म्हणायचात आणि मामींवरच खेकसायचात. मग उजवा हात जड झाला. तपासणीत डोक्यात गाठ निघाली. मिरजेला नेईपर्यंत तुमचं बोलणं पार थांबलं होतं. सगळं कळत होतं, डोळे हलत होते, डावा हात चालत होता, पण ज्या आवाजाने यार्डातली कबुतरं उडायची तो आवाज नव्हता. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. जायचंच होतं तर दुसरं काही जायला हवं होतं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं की पुण्याला नेऊन ऑपरेशन करता येईल. टेबलावर काही होऊ शकतं, वाचले तर पुढे किती सुधारणा होईल सांगता येत नाही. नाही केलं तर काही महिने. त्याने एक टक्केवारीही सांगितली. आणि मामा, ती टक्केवारी ऐकल्याबरोबर खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. रमेशदादा सकाळपासून पुण्याला न्यायचंच म्हणून हटून बसला होता. तोही माझ्याकडे बघायला लागला. मामी म्हणाल्या, "नंदीला इचारा. ती जोखमीचं शिकल्याली हाय."

मी सहा महिने एक अख्खा विषय शिकले होते. किती नुकसान होण्याची किती शक्यता, हे कसं मांडायचं, ते मी इतरांना शिकवत होते. पण ते सगळं हळदीच्या ढिगाचं होतं, गोडाऊनचं होतं. तिथे एक खेळी चुकली तर दुसरी बरोबर येते आणि शेवटी गोळाबेरीज होते. माझे मामा एकच होते. डॉक्टरांच्या त्या टक्क्यांचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, मला मामांशी बोलू द्या.

सगळे बाहेर गेले. मी तुमच्या उशाचा नॅपकिन घेतला, तुमच्या डाव्या हातावर टाकला आणि खाली माझा हात घातला. तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटतं, हसलात. मी कानाशी येऊन म्हणाले, "मामा, पुण्याला जायचं असंल तर एक बोट. घरला जायचं असंल तर दोन." तुम्ही माझी बोटं चाचपलीत, एकेक, अगदी ओसरीवर करायचात तशी. मग तुम्ही एकही बोट न धरता नॅपकिनखालून हात काढून घेतलात आणि छातीवर ठेवलात.

मान्य नाही. पण काय मान्य नाही? ऑपरेशन? घर? की माझा प्रश्नच? मी बाहेर आले. दारात सगळे उभे होते. मी म्हणाले, "मामा नको म्हणतायत. ऑपरेशन नको." रमेशदादा भिंतीकडे तोंड करून रडला आणि मग म्हणाला, "तू म्हणतीस तर न्हाई करायचं."

नंतरचे चार महिने मी दर रविवारी येत होते. तुम्ही ओसरीत खाटेवर असायचात, उन्हात. मामी तुम्हाला मऊ भात भरवायच्या आणि मीठ कमी असलं की तुम्ही तोंड मिटायचात. यार्डातली माणसं येऊन तुमच्याजवळ बसायची, भाव सांगायची, तुम्ही भुवई वर करायचात. वाईट दिवस नव्हते ते. पण तुम्ही कधी डोळे मिटून कण्हलात की मला वाटायचं, हे माझ्यामुळे. त्या वेळी तुम्हाला नुसता थकवा आला असेल, म्हणून हात काढला असेल, आणि मी त्याचा नकार केला. मलकापूरला परत जाताना एसटीत माझं हेच चालायचं. तुम्हाला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर मामी आणि मी मागच्या पडवीत पातेली घासत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, नॅपकिन, बोटं, काढून घेतलेला हात. म्हणाले, "मामी, मला अजून कळलेलं नाही ते काय म्हणाले. मीच तर त्यांना मारलं नाही ना?"

मामींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आगं, पर आपरेशन न्हाई करायचं ते मी डाक्तरास्नी सकाळीच सांगितलं हुतं."

मला समजेना.

"गाठ निगाली तवा ह्यांना बोलता येत हुतं की थोडं. त्याच दिवशी मला म्हणाले, मला घरातनं न्या. दवाखान्यातनं नगं. माझा हात धरून म्हणाले. मी हो म्हणलं हुतं."

"मग मला कशाला विचारलंत?"

"रमेश ऐकत न्हवता ना. सारखं पुणं पुणं. डाक्तरास्नीबी परत सगळं सांगाय लावलं त्यानं. आईचं कोण ऐकतंय? म्हटलं, तू म्हणलीस तर ऐकंल. एवढी शिकलीयास. तू मनाला लावून घेशील हे मला कुटं ठावं? आदी बोलायचं न्हाई का."

चार महिने मी जे ओझं वाहत होते ते माझं नव्हतंच. तुम्ही दोघांनी आधीच सगळं ठरवून टाकलं होतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. अंगातलं सगळं एकदम सैल पडलं. तरी माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी विचारलं, "आणि मामी, मी ऑपरेशन करा म्हणाले असते तर?"

मामींनी पदराने हात पुसले. "तर तुला शिकवून काय उपेग झाला न्हाई म्हणलं असतं," त्या म्हणाल्या, "आन ह्यांना घरलाच आणलं असतं."

मी हसले, मामा. तुमच्या तेराव्याला, भरल्या घरात, मोठ्याने. आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मामीही हसायला लागल्या, पोट धरून, आणि तुम्ही गेल्यापासून ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं त्या मामी तशाच हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या.